भ्यालेला बाप



हिरकणीची गोष्ट या सभागृहात कुणाला सांगावी लागणार नाही. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे बंद झाले, तान्हं मूल खाली वाडीत राहिलं, आणि ती गवळण काळोखात कडा उतरून गेली. बुरजाला तिचं नाव लागलं. लागायलाच हवं होतं. पण मला लहानपणापासून एक प्रश्न पडत आलाय. त्या बाळाला बापही असेल ना? तो कुठे होता? दूध घालून बायको परत आली नाही, पोर रडतंय, काळोख पडलाय. त्याची ती रात्र कशी गेली असेल? गोष्ट याबद्दल एक शब्द बोलत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते खटकत नाही.

आज मला त्या न सांगितलेल्या रात्रीबद्दल बोलायचं आहे. मूल तापाने फणफणतं, जन्मतःच काचेच्या पेटीत जातं, शत्रूच्या मुलखात अडकतं, किंवा डॉक्टर एखाद्या आजाराचं असं नाव उच्चारतात जे घरात कुणी कधी ऐकलेलं नसतं. तेव्हा बाप काय करतो?

त्याच्या मनात दोन गोष्टी एकदम शिरतात. एक भीती, दुसरा अपराधीपणा. आपण बोलताना दोन्ही एकत्र करून टाकतो, पण त्यांची तोंडं वेगळ्या दिशांना असतात. भीती मुलाकडे बघते: याचं काय होईल? अपराधीपणा स्वतःकडे बघतो: हे माझ्यामुळे झालं का? मी वेळेवर का नेलं नाही? मी इथे का नव्हतो? भ्यालेला माणूस एका जागी बसू शकत नाही, तो उठतो, चालू लागतो, काहीतरी करतो. कुणी नवस बोलतो, कुणी पुस्तकं उघडतो, कुणी कामात बुडतो, कुणी भांडतो, कुणी चक्क पळतो. मग आपण शेजारीपाजारी त्याला जोखतो. रडला नाही म्हणून कोरडा ठरवतो, रडला म्हणून कच्चा ठरवतो. ही दोन्ही मापं टाकून द्यावीत असं मला वाटतं. विचारायचा प्रश्न एकच आहे: भीतीने या माणसाला जिथे कुठे नेलं, तिथून तो मुलाजवळ परत आला का?

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या माहितीतल्या दोन बापांपासून करू. कुरुक्षेत्रावर तेराव्या दिवशी अर्जुन संशप्तकांशी लढायला दूर गेला होता. संध्याकाळी शिबिरात परतला तेव्हा वाद्यं वाजत नव्हती, कुणी नजर वर करत नव्हतं. अभिमन्यू गेला होता. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्याला बापाकडूनच मिळाली होती, बाहेर पडण्याची मिळाली नव्हती. बापाला यापेक्षा मोठा अपराध कुठला? अर्जुनाने आधी भावांना धारेवर धरलं आणि मग प्रतिज्ञा केली: उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथ मरेल, नाहीतर मी अग्नीत शिरेन. ही प्रतिज्ञा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्याच रात्रीचा दुसरा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. सुभद्रा आणि उत्तरा रडत होत्या, आणि त्यांचं सांत्वन करायला अर्जुनाने कृष्णाला पाठवलं. स्वतः गेला नाही. शत्रूकडे जाणं त्याला जमत होतं, पण मुलाच्या आईसमोर जाऊन बसणं त्या रात्री जमलं नाही. महाभारतकाराने हे लिहून ठेवलं, याबद्दल मला फार आदर वाटतो.

पुढे पंधराव्या दिवशी द्रोणाचार्यांच्या कानावर अश्वत्थामा गेल्याचं आलं. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, उत्तर ऐकलं, आणि शस्त्र खाली ठेवलं. तेवढ्या एका वाक्याने त्यांचं सगळं बळ गेलं. रथ वळवून मुलाचं तोंड बघायला ते गेले नाहीत. गेले असते तर मुलगा जिवंत भेटला असता. आज मी मांडणार आहे त्याची दोन टोकं हीच आहेत. एकाचं दुःख बाहेर धावतं, दुसऱ्याचं जागीच कोसळतं.

आता इतिहासाकडे येतो.

१५३० साली बाबराचा मुलगा हुमायून आजारी पडला. त्याला आग्र्याला आणलं तेव्हा हकीमांनी आशा सोडली होती. बाबराला सल्ला मिळाला की आपल्याजवळची सर्वांत मौल्यवान वस्तू देवाला द्यावी. दरबारी म्हणाले, तो मोठा हिरा द्या. बाबर म्हणाला की मुलाच्या जिवापुढे दगडाची काय किंमत, मी माझा जीव देतो. आणि मुलाच्या अंथरुणाभोवती त्याने तीन फेऱ्या घातल्या. त्याची मुलगी गुलबदन त्या वेळी लहान होती, तिने पुढे आपल्या ग्रंथात ही हकीकत नोंदवली. हुमायून बरा झाला, आणि डिसेंबर १५३० मध्ये बाबर वारला. या दोन गोष्टींचा संबंध जोडायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्या फेऱ्या महत्त्वाच्या वाटतात. आपल्या घरात मुलावरून मीठमोहऱ्या ओवाळतात, तुझं दुखणं मला येवो म्हणतात, तेही हेच आहे. दिल्ली जिंकलेला माणूस तापापुढे हतबल झाला आणि देवाणघेवाण करू लागला. आजही बाप हेच करतो. चहा सोडतो, पायी पंढरपूरला जाईन म्हणतो, तुळजापूरचा नवस बोलतो. माझ्यातलं काहीतरी घे आणि याला सोड, ही मागणी अडाणी माणसाची आहे असं कुणी समजू नये. शिकलेले लोक ती मनातल्या मनात करतात, एवढाच फरक.

बाबर मुलाभोवती फिरला. आणखी एका बापाला मुलापासून दूर जावं लागलं. ऑगस्ट १६६६. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, बरोबर संभाजीराजे, वय वर्षं नऊ. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तो सगळा प्रवास करणं म्हणजे दोघांचाही जीव धोक्यात घालणं होतं. महाराजांनी मुलाला मथुरेत पेशवे मोरोपंतांच्या नातलगांकडे ठेवलं आणि स्वतः पुढे गेले. नंतर राजे वाटेत वारले अशी बातमी पसरवली, म्हणजे मुघल शोध सोडून देतील. बखरी तर उत्तरक्रिया केल्याचंही सांगतात. आपण हे चातुर्य म्हणून ऐकतो, आणि ते चातुर्य होतंच. पण क्षणभर त्या बापाच्या जागी उभे राहा. मुलगा जिवंत आहे हे जगात मोजक्या माणसांना माहीत, आणि आईच्या पश्चात त्याला सांभाळणाऱ्या जिजाऊंच्या घरात तो गेल्याची बातमी फिरवायची. जवळ घेण्यात जेवढी माया आहे, तेवढीच कधीकधी दूर ठेवण्यातही असते. संभाजीराजे पुढे सुखरूप पोचले म्हणून हा निर्णय शहाणपणाचा ठरला. ते पोचले नसते तर? हा 'तर' त्या काळात रोज रात्री त्या बापाच्या उशाशी होता.

लोकमान्य टिळकांचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. १९०३ च्या प्लेगात थोरला मुलगा विश्वनाथ गेला. गावाची होळी पेटली की प्रत्येक घरची गोवरी तीत पडायचीच, असं ते म्हणाल्याचं सांगतात, आणि लगेच 'केसरी'च्या कामाला बसल्याचंही सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण ही हकीकत धीराचा नमुना म्हणून मुलांना सांगितली. मला त्या धीराबद्दल शंका नाही. माझी तक्रार सांगणाऱ्यांबद्दल आहे. एका माणसाला एका क्षणी जे जमलं, ते आपण सगळ्या बापांवर नियम म्हणून लादलं. पुरुषाने असंच असावं, असं त्यातून शिकवलं. ज्याला लेखणी उचलता आली नाही, त्याने मग तोंड कुठे लपवायचं?

आता मी जरा थांबून दोन बापांबद्दल सविस्तर बोलणार आहे. दोघांची मुलं दहा वर्षांची होती. दोघांनी पाण्याच्या उपचारांचा आधार घेतला. एक इंग्लंडातला, एक आपल्या गिरगावातला.

आधी गिरगाव. १९०२ साली गांधीजी मुंबईत वकिली करायला आले. फोर्टात कचेरी घेतली, गिरगावात घर. थोड्याच दिवसांत दुसरा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला, त्यातच न्यूमोनिया, रात्री वात. पारशी डॉक्टर आले. ते म्हणाले, औषधाचा फारसा उपयोग नाही, पण अंडी आणि कोंबडीचं सूप द्यावं लागेल. गांधीजींनी सांगितलं, आम्ही शाकाहारी, हे देता येणार नाही. मी पाण्याचे उपचार करीन, तुम्ही फक्त नाडी आणि छाती तपासून जा. डॉक्टर भले होते, कबूल झाले. मुलालाही विचारलं, तोही हो म्हणाला.

इथे मला थांबावंसं वाटतं. दहा वर्षांचा, एकशेचार ताप असलेला मुलगा बापाला नाही म्हणू शकतो का? गांधीजींसारख्या बापाला तर नाहीच. ती संमती मला संमती वाटत नाही. पण गांधीजींचं मोठेपण असं की पुढे काय झालं ते त्यांनी आत्मकथेत काहीही न लपवता सांगितलं. ताप उतरेना. मुलगा बरळू लागला. आणि बापाच्या मनात विचारांची झुंबड उडाली. लोक काय म्हणतील? थोरले बंधू काय म्हणतील? दुसरा डॉक्टर आणावा का? वैद्याला बोलवावं का? आणि सगळ्यांत धारदार प्रश्न: आईबापांना आपली खुळं मुलांवर लादण्याचा काय अधिकार? हा प्रश्न स्वतःला विचारणारा बाप मला फार जवळचा वाटतो. बघा, त्या झुंबडीत मुलाची काळजी आहे आणि लोकलाजही आहे, आणि दोन्ही त्यांनी एकाच परिच्छेदात मांडल्या. लोक काय म्हणतील हे मरणाच्या दारातही सुचतं, हे कबूल करायला धैर्य लागतं.

शेवटी त्यांनी मुलाला ओल्या चादरीत गुंडाळलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, आईला जवळ बसवलं आणि स्वतः चौपाटीवर निघून गेले. रात्रीचे दहा वाजले होते. रामनाम घेत, कुणाकडे न बघता ते चालत राहिले. काही वेळाने छाती धडधडत घरी आले. मुलाने विचारलं, बापू, आलात? आणि म्हणाला की मला यातून बाहेर काढा, अंग भाजतंय. घाम फुटला होता. ताप उतरू लागला. मग चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांच्या रसावर शुश्रूषा.

माझ्या मते या प्रसंगातली सगळ्यांत मोलाची गोष्ट चादरही नाही आणि रामनामही नाही. विषमज्वरावरचं खरं प्रभावी औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४८ मध्ये वापरात आलं. १९०२ साली डॉक्टरांकडेही ते नव्हतं. मणिलालचं नशीब बलवत्तर म्हणून तो जगला, आणि श्रेय कशाला द्यायचं हे बापाने ज्याच्या त्याच्यावर सोडलं. ईश्वराच्या कृपेने, पाण्याने, की पथ्याने आणि सेवेने बरा झाला हे कोण ठरवणार, असं त्यांनी लिहिलं. मोलाची गोष्ट ही की तो माणूस घाबरून घराबाहेर गेला आणि परत आला. आणि खोलीत कस्तुरबा होत्या. त्यांना बाहेर जाण्याची मुभा नव्हती, हेही विसरू नका. बापाची भीती चौपाटीवर फिरून येऊ शकते, कारण आईची भीती उशाशी बसून असते.

आता इंग्लंडातला बाप. चार्ल्स डार्विन. १८३९ साली त्याने एमा वेजवुडशी लग्न केलं. ती त्याची सख्खी मामेबहीण. त्यांना दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांची ॲनी त्याची अतिशय लाडकी होती. १८५१ च्या वसंतात तिला मॉल्व्हर्न गावी डॉक्टर गली यांच्या जलोपचार केंद्रात नेलं. तिथे ती खूप आजारी पडली. एमाचे दिवस भरत आले होते, ती घर सोडू शकत नव्हती. डार्विन मुलीच्या उशाशी होता. तिथून तो एमाला पत्रं लिहीत होता: आज नाडी कशी, उलटी झाली का, किती चमचे गेलं, तिने काय म्हटलं. २३ एप्रिलला ॲनी गेली. दफनाला डार्विन थांबला नाही. घरी एमाकडे गेला. काहींना यात पळ काढणं दिसतं. मला ते अर्जुनाला जे जमलं नाही ते करणं वाटतं: मुलाच्या आईसमोर जाऊन बसणं.

पण त्याच्या मनातला काटा वेगळाच होता. आपण स्वतः जन्माचे आजारी, आणि वर लग्न मामेबहिणीशी. ही दुर्बळता मुलांना आपणच तर दिली नाही ना? ही शंका त्याने देवापुढे मांडली नाही, कुंड्यांपुढे मांडली. स्वतःच्याच परागाने फळलेलं बी आणि परक्या परागाने फळलेलं बी शेजारी शेजारी लावून, दोन्ही रोपांच्या उंच्या मोजत, वजनं करत तो अकरा वर्षं बसला. १८७६ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. परक्या परागाची रोपं सर्वसाधारणपणे सरस ठरली. त्याआधी १८७० मध्ये त्याने खासदार जॉन लबक यांच्यामार्फत प्रयत्न केला की १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे-आते भावंडांमधल्या विवाहांबद्दल एक प्रश्न घालावा. पार्लमेंटने तो फेटाळला. मग त्याचा मुलगा जॉर्ज स्वतः आकडे गोळा करू लागला, आणि धोका वाटतो तेवढा मोठा दिसत नाही असा त्याचा निष्कर्ष निघाला. बापाच्या अपराधाची मोजणी मुलानेच केली, याइतकं हृद्य मला विज्ञानाच्या इतिहासात दुसरं काही आठवत नाही.

१८५८ बद्दल एक वाक्य सांगून पुढे जातो. त्या वर्षी १ जुलैला लंडनच्या लिनिअन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचा उत्क्रांतीचा सिद्धान्त पहिल्यांदा वाचला गेला, आणि डार्विन तिथे नव्हता, कारण तीनच दिवसांपूर्वी त्याचं धाकटं बाळ लाल तापाने गेलं होतं.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रात कितीतरी समाजांत मामाची मुलगी करणं रीतीचं मानतात. थॅलेसेमिया, स्नायू दुबळे करणारा एसएमए असे आजार असतात, ज्यांत आईवडील दोघेही धडधाकट असतात, दोघांकडून एकेक सदोष जनुक येतं, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता राहते. एसएमएच्या एका इंजेक्शनची किंमत सोळा कोटींच्या घरात होती, आणि आपण बघितलंय की बाप मोबाईलवर, वर्तमानपत्रांत, मंदिरांच्या दारात लोकवर्गणीची झोळी घेऊन उभे राहिले. त्यांचा काय अपराध? काही नाही. ज्याची माणसाला माहितीच नव्हती, तो त्याचा गुन्हा कसा होईल? तरी त्यांना विचारा. रात्री ते म्हणतात, माझ्या रक्तातून गेलं. हे वाक्य ज्याच्या मनात आहे त्याला समजावण्यापेक्षा डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून जनुकं दाखवलेली जास्त उपयोगी पडतात. डार्विनला कुंड्यांनी जे दिलं, ते आपल्या बापांना आनुवंशिकतेच्या समुपदेशकाकडून मिळायला हवं. तालुक्याच्या गावात असा माणूस सहसा नसतो.

गरिबीचा अपराधीपणा याहून वेगळा. बाबासाहेब आंबेडकरांना पाच मुलं झाली, त्यातली चार बालपणीच गेली, एकटे यशवंत जगले. परदेशातल्या शिक्षणाची वर्षं आणि घरातली ओढग्रस्त, या दोन्हींचा भार पत्नी रमाबाईंवर होता. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. पुढच्या महिन्यात एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी कळवलं की मी आणि माझी पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असा देखावा करण्यात अर्थ नाही, आणि कधी सावरू असंही वाटत नाही. मी हे पत्र वाचलं तेव्हा त्यातल्या दोन गोष्टींपाशी थांबलो. एक, देखावा नाही. दुसरी, मी आणि माझी पत्नी. दोघांचा शोक एका वाक्यात. राजरत्न गेल्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. कार्यकारणभाव मी जोडत नाही. एवढंच म्हणतो की कामाला लागण्यासाठी अश्रू नाकारावे लागत नाहीत, याचा पुरावा या पत्रात आहे. टिळकांची हकीकत मुलांना सांगताना ही हकीकतही शेजारी सांगावी, म्हणजे मुलग्यांना दोन वाटा दिसतील.

आता पळणाऱ्या बापाबद्दल. तो सगळ्यांत अवघड.

जपानी लेखक केंझाबुरो ओए यांना १९६३ च्या जूनमध्ये मुलगा झाला. वय अठ्ठावीस, लेखक म्हणून नाव झालेलं. बाळाच्या कवटीत दोष होता, मेंदूचा भाग बाहेर आलेला. शस्त्रक्रिया केली नाही तर बाळ जाणार, केली तर जगेल पण मतिमंद राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. अशा वेळी बापाच्या मनात काय येतं? बाळ गेलंच तर बरं, हा विचार येतो. येतो, श्रोतेहो. ज्यांच्या घरात असं मूल जन्मलंय त्यांच्यातल्या अनेकांना तो येऊन गेलेला असतो, आणि तो आल्याचा अपराधीपणा ते जन्मभर कुणाला सांगत नाहीत. ओए यांनी तो सांगितला. पुढच्याच वर्षी त्यांची कादंबरी आली, इंग्रजीत ती 'अ पर्सनल मॅटर' या नावाने गेली. तिच्यातला बाप दारू पितो, दुसऱ्या बाईकडे जातो, आफ्रिकेची स्वप्नं बघतो, आणि बाळ आपोआप मरण्याची वाट बघतो. शेवटी तो मागे वळतो.

खुद्द ओए त्या उन्हाळ्यात हिरोशिमाला गेले. बाळ रुग्णालयात आणि बाप अणुबॉम्बविरोधी परिषदेचं वार्तांकन करायला दूर. पळच म्हणा. पण तिथे रेड क्रॉस रुग्णालयात त्यांना डॉक्टर शिगेतो भेटले. ते स्वतः बॉम्बच्या तडाख्यात सापडलेले, आणि त्याच दिवसापासून इतरांवर उपचार करत राहिलेले. या आजाराचं काय करायचं हे माहीत नसताना समोरच्या माणसाला तपासत राहायचं, हे ओए यांनी तिथे बघितलं. ते परतले, शस्त्रक्रियेला होकार दिला. मुलाचं नाव हिकारी. तो बोलत नसे. पक्ष्यांच्या आवाजाची एक ध्वनिमुद्रिका घरात सतत लावलेली असे, आणि तिच्यात पक्ष्याच्या आवाजानंतर निवेदक त्याचं नाव सांगे. सहा वर्षांचा असताना बापाच्या खांद्यावर बसून तो रानात होता, पाणकोंबडीच्या जातीतला एक पक्षी ओरडला, आणि मुलाने त्या निवेदकाच्या आवाजात पक्ष्याचं नाव सांगितलं. ते त्याचं पहिलं बोलणं. पुढे तो संगीतरचनाकार झाला, १९९२ मध्ये त्याच्या रचनांची सीडी निघाली. १९९४ मध्ये बापाला नोबेल मिळालं.

मला काळजी वाटते की हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, शेवट गोड झाला. मुलगा संगीतकार झाला नसता तर? बहुतेक मुलं होत नाहीत. म्हणून मी नोबेल आणि सीडी बाजूला ठेवतो. त्या बापाने आधी पळ काढला, मग तो परतला, आणि मग मुलगा एकही शब्द बोलत नसताना पक्ष्यांची तबकडी लावत राहिला. मी त्याला मानतो ते त्या वर्षांसाठी.

आता आपल्या रुग्णालयांकडे या.

बाळ काचेच्या पेटीत आहे. आई वरच्या मजल्यावर टाके घालून पडली आहे. बाप कुठे आहे? तो केसपेपर काढायच्या रांगेत आहे. मेडिकलच्या दुकानात आहे. रक्ताच्या बाटलीसाठी दुसऱ्या गावी गेला आहे. बिलाच्या खिडकीपाशी आहे, किंवा जिन्यात फोनवर कुणाकडे तरी पैसे मागतो आहे. 'पेशंटचे नातेवाईक कोण?' अशी हाक आली की तो धावतो. भेटायच्या वेळेत काचेतून पाच मिनिटं बघतो. मग बाळाला हात लावायची त्याची भीती वाढत जाते, आणि घरी गेल्यावर लोक म्हणतात, याला पोराचं काही नाही. आपणच त्याला दाराबाहेर ठेवलं आणि आपणच त्याला कोरडं म्हटलं.

हे बदलता येतं, आणि त्याला सोळा कोटी लागत नाहीत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी होत्या म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. त्यातून कांगारू पद्धत जगभर गेली. ही छाती बापाचीही चालते. बाळाला ऊब मिळते, आणि बापाची भीती पहिल्यांदा मुलाच्या अंगाला टेकते. पण त्यासाठी त्याला रजा लागते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. आईची रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची झाली, ते उत्तम झालं. त्याच वर्षी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी सगळ्या बापांना रजा मिळावी म्हणून लोकसभेत खासगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. कारखान्यातला, दुकानातला, रोजंदारीवरचा बाप आजही मूल पेटीत असताना तिसऱ्या दिवशी कामावर जातो, कारण खाडा परवडत नाही. त्याच्या अपराधीपणाचं काय करायचं? तो अपराध त्याचा नाहीच, तो आपल्या कायद्याचा आहे.

या सभागृहात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, कंपन्यांत लोकांच्या रजा मंजूर करणारे आहेत, आणि उद्या कुणाच्या तरी घरी डबा घेऊन जाणारे शेजारी आहेत. डॉक्टरांना माझी विनंती आहे की बाळाबद्दल सांगताना बापालाही खुर्ची द्या, आणि त्याची चूक नसेल तर ती नाही हे स्पष्ट शब्दांत, त्याच्या तोंडावर सांगा. रजा देणाऱ्यांना विनंती आहे की कायद्याची वाट बघू नका. आणि बाकी आपण सगळ्यांनी, पुढच्या वेळी असं घर दिसलं की आईच्या शेजारी बसून झाल्यावर जिन्यात जावं. तिथे तो उभा असेल. त्याला धीर धर म्हणू नका. त्याच्या हातातली औषधांची चिठ्ठी तुम्ही घ्या, आणि त्याला आत मुलाजवळ पाठवा.